दार उघडल्यानंतर

विद्येचें दार सर्वांस खुलें असावें या तत्त्वास उघडपणें विरोध करणारा गृहस्थ आतां क्वचितच भेटेल. परंतु त्या दारांतून आंत आलेला विद्यार्थी पदवीपूर्वींच नाहींसा झाला, तर त्याचा दोष कोणाकडे, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे. अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांचा सुमारें सव्वाशें वर्षांचा इतिहास हा आमच्या मतें याच प्रश्नाचा इतिहास होय. म्हणून तो वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

शिकागोच्या नैर्ऋत्येस जोलिएट नांवाचें शहर आहे. तेथील हायस्कुलांत १९०१ सालीं सहा विद्यार्थ्यांनीं कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास सुरू केला. कल्पना शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि त्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची. हार्परसाहेबांची दृष्टि केवळ परोपकाराची होती असें समजण्याचें कारण नाहीं. पहिल्या दोन वर्षांचें शिक्षण हें शाळेचेंच लांबलेलें काम आहे, त्याचें लोढणें विद्यापीठाच्या गळ्यांत नको, असाहि त्यांत एक हिशेब होता. पुढें १९०७ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें आपल्या हायस्कुलांस असे वर्ग काढण्याची परवानगी दिली, आणि ‘ज्युनिअर कॉलेज’ हा प्रकार देशभर पसरूं लागला.

या कॉलेजांचें मुख्य भांडवल एकच: विद्यार्थी आपल्या घरीं राहतो. वसतिगृह नको, खानावळ नको. म्हणून संस्थेचा खर्च थोडा, फी थोडी, आणि कारखान्यांतील मजुराच्या मुलासहि कॉलेजचें तोंड पाहतां आलें. परंतु या सोयींतच पुढील अडचणीचें बीज होतें. घर आहे म्हणजे जेवण आहे, निजावयास जागा आहे, अशी संस्थेनें समजूत करून घेतली, आणि विद्यार्थ्याच्या पोटाचा प्रश्न तिच्या वहींत कधीं चढलाच नाहीं.

आमच्याकडे गोष्ट उलट होती. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणाऱ्या मुलाची पहिली चिंता अन्नाची, पुस्तकाची त्यानंतर. (त्या व्यवस्थेंतील पंक्तिभेद विसरून तिचे गोडवे गाणें आम्हांस मान्य नाहीं.) शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें तें जोलिएटच्याच वर्षीं, म्हणजे १९०१ सालीं, आणि भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह सुरू केलें. दोघांचीहि सुरुवात चुलीपासून झाली. अमेरिकेनें सुरुवात वर्गापासून केली, आणि चुलीपाशीं यावयास तिला शंभर वर्षें लागलीं.

मध्यंतरीं एकदां मात्र ती चुलीच्या अगदीं जवळ आली होती. दुसऱ्या महायुद्धांतून परतणाऱ्या सैनिकांसाठीं १९४४ सालीं जो कायदा झाला, त्यानें वर्षास ५०० डॉलरपर्यंत फी तर दिलीच. शिवाय शिकत असतां एकट्या माणसास दरमहा ५० आणि कुटुंबवत्सलास ७५ डॉलर निर्वाहासाठीं दिले. निर्वाह हाहि शिक्षणाचाच खर्च आहे, हें त्या कायद्यानें मान्य केलें. पण मान्य केलें तें शिपायाचें इनाम म्हणून. सामान्य विद्यार्थ्यास तो न्याय लागू झाला नाहीं. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळाचा अहवाल प्रसिद्ध होऊं लागला. हायस्कुलापुढील दोन वर्षांचें शिक्षण सर्वांस मोफत मिळावें, आणि आसपासच्या वस्तीच्या गरजा ओळखून चालणारीं कॉलेजें जागोजाग निघावींत, असें त्यांत सांगितलें होतें. ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव रूढ झालें तें त्यानंतर. १९६० नंतरच्या दशकांत अशीं शेंकडों कॉलेजें निघालीं.

दार आतां सताड उघडें होतें. आंत काय चाललें होतें तें बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानें १९६० सालीं दाखविलें. सॅन होझे येथील एका ज्युनिअर कॉलेजाचा अभ्यास करून त्यानें लिहिलें कीं, पुढें विद्यापीठांत जाण्याची आकांक्षा धरून आलेले बहुसंख्य विद्यार्थी तेथें कधींच पोंचत नाहींत, आणि त्यांस हळूहळू थंड करण्याचें काम कॉलेजची यंत्रणाच करीत असते. प्रथम एक चांचणी. मग कच्च्या विषयांचा वर्ग. मग सल्लागाराची भेट, तींत प्रगतिपुस्तक पुढें ठेवून गोड शब्दांत सुचविणें कीं, अमुक धंदेशिक्षण आपणांस अधिक मानवेल. विद्यार्थ्यास नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. तो स्वतःच आपला मार्ग बदलतो, निदान त्यास तसें वाटतें. येथें क्लार्क संतापलेला नाहीं, ही त्याच्या लिखाणांतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. जो समाज सर्वांस आशा दाखवितो आणि थोड्यांसच ती पुरवूं शकतो, त्यास अशी कांहीं तरी योजना लागतेच, असें तो शांतपणें सांगतो. विद्यार्थ्यास साह्य करण्यासाठीं बसविलेला माणूसच त्यास परत पाठविण्याचें साधन होऊं शकतो, हें वाचून आम्ही तरी थबकलों.

यानंतरची हकीकत चढउतारांची आहे. कॅलिफोर्नियानें १९६९ सालीं गरीब विद्यार्थ्यांसाठीं मार्गदर्शन व पुस्तकांचें साह्य देणारी एक स्वतंत्र योजना कायद्यानें सुरू केली. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत कृष्णवर्णी व प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनीं मोठा लढा दिला, आणि १९७० पासून हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या शहरांतील कोणासहि नगर-विद्यापीठांत प्रवेश मिळूं लागला. पण सहा वर्षांतच शहराची तिजोरी आटली, आणि १९७६ सालीं तेथें फी बसली. दार उघडें राहिलें. उंबरठा उंच झाला.

त्याच विद्यापीठांत २००७ सालीं निघालेली ‘एसॅप’ नांवाची योजना हा या इतिहासांतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. तीमध्यें दिसावयास थोर असें कांहींच नाहीं. शिष्यवृत्ति भागवूनहि उरलेली फी माफ, पुस्तकें मोफत, भुयारी रेल्वे व बस यांचा पास मोफत, आणि प्रत्येकास एक सल्लागार. विद्यार्थ्यानें पूर्णवेळ शिकावें आणि सल्लागारास नियमानें भेटावें, एवढीच अट. गंमत अशी कीं, महिन्याचा पास या भेटीगांठींशींच जोडलेला असे. म्हणजे ज्या पासासाठीं तो येई, त्या निमित्तानें त्याची विचारपूसहि होई. इतर विद्यार्थ्यांच्या सल्लागारामागें सहाशांपासून दीड हजारांपर्यंत मुलें असत, तेथें या योजनेंत साठ ते ऐशींच. क्लार्कच्या सल्लागारापुढें जें प्रगतिपुस्तक होतें तेंच याच्याहिपुढें होतें; पण त्यामागचा मुलगा रात्रपाळी करतो कीं घरीं लहान भावंडें सांभाळतो, हें जाणण्यास याला सवड होती.

ही योजना खरोखर उपयोगी पडते काय, हें पाहण्यासाठीं सुमारें ९०० विद्यार्थी घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट पाडण्यांत आले. तीन वर्षांनंतर योजनेबाहेरील गटांत शेंकडा २२ जणांस पदवी मिळाली होती. योजनेंतील गटांत शेंकडा ४०. दर विद्यार्थ्यामागें खर्च बराच वाढला, परंतु दर पदवीमागें हिशेब केला तेव्हां तो उलट कमीच भरला. पुढें ओहायो संस्थानांतील तीन कॉलेजांतहि अशीच व्यवस्था लावून पाहिली, आणि तेथेंहि यश आलें. ‘मुलांस शिकावयाचेंच नसतें’ असें म्हणणाऱ्यांनीं हे आंकडे सवडीनें पाहावेत.

अन्नाचा प्रश्न मात्र त्यानंतरच उघडपणें बोलला जाऊं लागला. धान्याचीं व डब्यांतील पदार्थांचीं लहान कोठारें कॉलेजांच्या आवारांत दिसूं लागलीं. २०२१ सालीं कॅलिफोर्नियानें आपल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजास अन्न, निवारा इत्यादि मूलभूत गरजांचें एक केंद्र उघडण्याचा आदेश दिला. पण कोठार उघडलें म्हणून भुकेला मुलगा तेथें येतोच असें नाहीं. त्याची वाट अडवते ती लाज.

येथें कॉलेजांतील समारंभांचें महत्त्व ध्यानीं येतें. त्यांस चैनीची बाब समजणारे लोक तिकडेहि आहेत. परंतु ज्या कॉलेजांत मुलें तास संपतांच कामावर पळतात, तेथें एकमेकांची ओळख व्हावी तरी कशी? म्हणून न्यूयॉर्कच्या कांहीं कॉलेजांत आठवड्यांतून एका दुपारीं दोन तास वर्गच ठेवीत नाहींत. त्यांस ‘क्लब अवर्स’ म्हणतात. बुद्धिबळवाले, नाटकवाले, निरनिराळ्या देशांतून आलेले विद्यार्थी आपापलीं टेबलें मांडून बसतात. त्यांच्याच रांगेंत धान्यकोठाराचें एक टेबल, करारपत्रें वाचून देणाऱ्या वकिलांचें एक, आणि पासाची चौकशी करणाऱ्याचें एक असलें, तर बुद्धिबळाच्या टेबलाकडे निघालेला मुलगा कोणाच्या लक्षांत न येतां तेथें दोन मिनिटें थांबूं शकतो.