लेसोथो : आभाळाला टेकलेले राज्य

चारही बाजूंनी एकाच देशाने वेढलेली स्वतंत्र राष्ट्रे जगात केवळ तीन आहेत. व्हॅटिकन व सान मारिनो ही त्यांतील दोन इटलीच्या पोटात आहेत, तर तिसरे, लेसोथो, दक्षिण आफ्रिकेच्या. ‘लेसूटू’ असा उच्चार असलेल्या या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर असून लोकसंख्या २० लाखांहून थोडी अधिक आहे. देशातील सर्वांत सखल जागाही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे, म्हणजे महाबळेश्वराहूनही उंच. संपूर्ण भूभाग हजार मीटरच्या वर असणारे हे जगातील एकमेव स्वतंत्र राष्ट्र होय. येथील उंच डोंगर सह्याद्रीप्रमाणेच लाव्हारसाच्या थरांनी बनलेले आहेत. मात्र ते दख्खनच्या पठाराहून कितीतरी प्राचीन, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

या डोंगरांनीच हा देश घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी युद्धे व दुष्काळ यांनी होरपळलेल्या टोळ्यांना मोशोएशोए पहिला याने आश्रय दिला आणि १८२४ मध्ये थाबा बोसिउ या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाणे उभारले. नावाचा अर्थ ‘रात्रीचा डोंगर’. अनेक हल्ले होऊनही हा दुर्ग त्याच्या हयातीत शत्रूच्या हाती पडला नाही. तथापि बोअर वसाहतवाल्यांशी झालेल्या युद्धांत कॅलेडॉन नदीपलीकडील सुपीक जमीन गेली आणि १८६८ मध्ये त्याने ब्रिटिशांचे संरक्षण स्वीकारले. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले, तेव्हा हा प्रदेश त्यात विलीन झाला नाही. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी तो स्वतंत्र झाला. राजधानी मासेरूपासून थोड्याच अंतरावर असलेल्या थाबा बोसिउवर या राजाची समाधी आहे. देशाची ओळख करून घेण्यास याहून योग्य जागा नाही.

काय पाहावे?

पूर्वेकडून येणारा सर्वांत थरारक मार्ग म्हणजे सानी खिंड. सुमारे २,८७० मीटर उंचीच्या या खिंडीचा नागमोडी घाट चढण्यास चारही चाकांना गती देणारे वाहन लागते. जवळच असलेले थाबाना न्त्लेन्याना (३,४८२ मीटर) हे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील सर्वोच्च शिखर आहे. सेमोनकाँगजवळ मालेत्सुन्याने नदी १९२ मीटर खोल दरीत एकाच झेपेत कोसळते. ‘सेमोनकाँग’ म्हणजे धुराचे ठिकाण, आणि वर उठणारे तुषार पाहिले की नावाचा अर्थ उमगतो. सेहलाबाथेबे राष्ट्रीय उद्यानाचा २०१३ मध्ये जागतिक वारसास्थळात समावेश झाला.

दुर्गम भागात आजही काटक बासोथो घोडा हेच खात्रीचे वाहन. मलेआलेआसारख्या गावांतून घोड्यावरून एक वा अनेक दिवसांची भटकंती करता येते. वाटेत लोकरीचे रंगीत ब्लँकेट पांघरलेले गुराखी व गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या दिसतात. घरावर पांढरे निशाण असेल तर तेथे ज्वारीची घरगुती बिअर मिळते, लाल असेल तर मांस आणि हिरवे असेल तर भाजी.

पाण्याचे मोल

पर्यटक आवर्जून पाहतात ते १८५ मीटर उंचीचे कत्से धरण. १९८६ च्या करारानुसार येथील पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेच्या औद्योगिक पट्ट्याला पुरवले जाते. १९९८ पासून ते वाहू लागले. पाण्याची रॉयल्टी हा या गरीब देशाचा मोठा आधार आहे, परंतु जलाशयांखाली डोंगरकपारीतील शेते व कुरणे गेली आणि विस्थापितांच्या भरपाईचा प्रश्न दीर्घकाळ धुमसत राहिला. निळ्याशार पाण्याचे छायाचित्र घेताना ही दुसरी बाजूही ध्यानात असावी.

प्रवासापूर्वी

लेसोथोत शिरण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतूनच जावे लागते. त्यामुळे भारतीय पर्यटकांनी त्या देशाचा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा घ्यावा, अन्यथा परतीची वाट अडते. लेसोथोच्या व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी पडताळून पाहावेत. जोहान्सबर्गहून मासेरूला विमानाने किंवा सुमारे ४०० किलोमीटर रस्त्याने जाता येते. येथील चलन लोटी (अनेकवचन मलोटी) दक्षिण आफ्रिकी रँडशी समान मूल्याने बांधलेले आहे. रँड सर्वत्र चालतो, मात्र उरलेले मलोटी सीमेपलीकडे खपत नाहीत.

ऋतू आपल्याहून उलटे. मराठी मुलखात पावसाळा असतो तेव्हा, जून ते ऑगस्टमध्ये, येथे कडक हिवाळा असतो आणि उंचावर बर्फ पडते. उन्हाळ्यात विजांसह वादळे होतात. हिवतापाची भीती नाही, पण ऊन तीव्र असते व रात्री उन्हाळ्यातही गारठतात. डोंगरात मुलांचे दीक्षाविधी चालू असलेल्या जागांकडे फिरकू नये आणि कोणाचेही छायाचित्र विचारूनच घ्यावे.

‘खोत्सो, पुला, नाला’ म्हणजे शांतता, पाऊस, समृद्धी हे या देशाचे ब्रीद आहे. गावातलाच वाटाड्या, गावातलेच घोडे आणि गावातलाच मुक्काम निवडणारा पर्यटक यांतील तिसऱ्या शब्दाला थोडा हातभार लावून परततो.