एक मिरवणूक, अनेक घड्याळं: भिवंडीच्या शिवजयंतीचा अभ्यास कसा करायचा?

पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय ठरवायचा आहे. या टप्प्यावर इतिहासाचे बरेच विद्यार्थी उत्सवांकडे वळतात आणि सिनॉप्सिसवर शीर्षक येतं: ‘शिवजयंतीचे सामाजिक महत्त्व’. हा विषय आहे, पण प्रश्न नाही. महत्त्व आहे हे सगळ्यांना मान्यच आहे, मग तीन-चार वर्षं शोधायचं काय? तोच विषय जरा फिरवून विचारा: तारीख कोणी ठरवली? मिरवणूक किती वाजता निघाली, कोणत्या रस्त्याने गेली? मंडळात कोणाला काय हवं होतं, आणि कोणाचं ऐकलं गेलं? आता कामाला सुरुवात करता येते.

उदाहरण म्हणून भिवंडी घेऊ. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली, त्यामुळे सतराव्या शतकाशी या गावाचं नातं थेट आहे. मावळ्यांचे पोशाख, घोडे, दांडपट्टा, चित्ररथ यांतून ते शतक रस्त्यावर पुन्हा उभं करणं, याला अभ्यासाच्या भाषेत री-एनॅक्टमेंट म्हणतात. पण ते उभं करणारी माणसं आजची असतात, आणि रस्ताही आजचाच असतो.

आधी तारीख

सार्वजनिक शिवोत्सवाला टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर जोर आला. तेव्हा जन्मतिथी म्हणून वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल प्रचलित होतं. पुढे जेधे शकावली प्रसिद्ध झाली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. परमानंदाच्या ‘शिवभारता’ने आणि जोधपूरच्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. १९६६ मध्ये सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, तरी वाद लगेच मिटला नाही. या शतकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

इथे एक गंमत बघा. ही १९ फेब्रुवारी ज्युलियन कॅलेंडरची आहे. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. विश्वास बसत नसेल तर चंद्राची कला मोजून पाहा: वद्य तृतीया १ मार्चलाच जुळते, ग्रेगोरियन १९ फेब्रुवारीला नाही. म्हणजे ‘तारखेने की तिथीने’ या वादात तारखेची बाजूसुद्धा वाटते तितकी सरळ नाही.

परिणाम असा की महाराष्ट्रात आज शिवजयंतीचे तीन दिवस आहेत: १९ फेब्रुवारी, फाल्गुन वद्य तृतीया आणि वैशाख शुद्ध द्वितीया. बेळगावात अजूनही वैशाखातली परंपरा जोरात आहे. तिथल्या चित्ररथांवर सजीव देखावे असतात आणि मिरवणूक रात्रभर चालते.

दिवस बदलला की माणसं बदलतात. वैशाखात शाळांना सुट्टी असते, पावसाच्या आधी शेतकऱ्याला थोडी उसंत असते, पण लग्नसराईमुळे बँडवाले आणि घोडेवाले मिळायची मारामार. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा डोक्यावर असते. पथकातली अर्धी मुलं सरावाला येणार की अभ्यासाला बसणार? भिवंडीत यंत्रमागाच्या पाळ्याही आहेत. रात्रपाळीचा कामगार सकाळच्या मिरवणुकीत कसा येणार? हे अंदाज आहेत आणि ते फील्डवर्कमध्ये तपासता येतात. मंडळाच्या जुन्या वर्गणी-वह्या, इतिवृत्तं आणि पोलीस परवानगीचे अर्ज यासाठी सोन्याच्या मोलाचे.

मग मार्ग

भिवंडीत शिवजयंतीची सार्वजनिक मिरवणूक १९६४ पासून मोठ्या प्रमाणावर निघू लागली. गावात मुस्लिम वस्ती मोठी. मशिदीवरून जाणारा मार्ग, तिथे थांबणं, घोषणा, गुलाल, या मुद्द्यांवर दरवर्षी ताण वाढत गेला. शांतता समितीच्या बैठका होत राहिल्या. ७ मे १९७० रोजी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली आणि दुसऱ्या दिवशी ती जळगावात पोहोचली. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणांवरचा त्यांचा अहवाल सात खंडांचा आहे. त्यात भिवंडीतल्या राष्ट्रीय उत्सव मंडळावर थेट ठपका आहे, आणि दंगलीनंतरच्या पोलीस तपासातल्या पक्षपातावरही कडक ताशेरे आहेत.

हा अहवाल वाचताना एक सवय लावून घ्या. ‘हिंदूंनी’, ‘मुसलमानांनी’ असे शब्द आले की पेन्सिलने खूण करा आणि विचारा: नेमकं कोणी? मंडळ हा एक माणूस नसतो. कोणाला लेझीम आणि मर्दानी खेळात रस असतो, कोणाला देखाव्यातल्या पोशाखात, कोणाला भाषणात. कोणाला येत्या निवडणुकीत. बाजूच्या खेड्यांतून आलेल्यांना वर्षातून एकदा शहरात मिरवायचं असतं. पलीकडेही तेच: दुकानदाराला रस्ता लवकर मोकळा हवा असतो, नमाजाला जाणाऱ्याला शांतता, पुढाऱ्याला आपला शब्द राहिलेला. हे सगळे हेतू एकाच रस्त्यावर एकाच वेळी येतात. त्यांतला कोणता हेतू पुढे बसला, हे बहुतेक वेळा बैठकीतच ठरतं. म्हणून दंगलीच्या दिवसाइतकाच आधीच्या महिन्यांचा अभ्यास करा.

‘जाणता राजा’शी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होतो. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं हे महानाट्य १९८५ पासून शेकडो कलाकार, हत्ती, घोडे घेऊन उभं राहतं. पण त्याला मैदान आहे, तिकीट आहे, शेवटचा प्रवेश आहे. ज्याला पाहायचं नाही तो घरी राहतो. मिरवणूक पाहणाऱ्याच्या दारात येते. त्याची संमती हाही तिच्या आयोजनाचा भाग असतो, कोणी तो मानो वा न मानो.

दुसरीकडे काय केलं?

उत्तर आयर्लंडमध्ये १६९० च्या बॉइन लढाईच्या स्मरणार्थ जुलैत संचलनं निघतात. स्कार्व्हा गावात तर १३ जुलैला त्या लढाईचं लुटुपुटूचं युद्धच होतं. तिथेही कॅलेंडर बदलल्याने तारखेचा घोळ आहेच. मार्गावरून इतका रक्तपात झाला की १९९८ च्या कायद्याने परेड्स कमिशन नेमलं गेलं. संचलनाची सूचना २८ दिवस आधी द्यावी लागते आणि वादग्रस्त मार्गावर कमिशन अटी घालतं.

भिवंडीने वेगळी वाट धरली. १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. सण नसतानाही बैठका आणि नळावरच्या भांडणापासून चर्चा. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. श्रेय फक्त समित्यांना द्यायचं का, हा उत्तम शोधप्रश्न आहे. यंत्रमागाचं अर्थकारण आणि आधीच्या दोन दंगलींची आठवण, हेही घटक तपासायला हवेत.

तडजोडीची अलीकडची नोंदही आहे. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस २९ तारखेला नेला आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. दंगल झाली की सात खंड लिहिले जातात. दंगल टळली तर वर्तमानपत्रात एक कॉलम येतो, मग विसर पडतो. साधनांमधला हा असमतोल लक्षात ठेवा, नाहीतर तुमच्या प्रबंधात गाव फक्त जळतानाच दिसेल.

म्हणून भिवंडीवर, किंवा तुमच्या स्वतःच्या गावावर, काम करणार असाल तर दोन याद्या समोर ठेवा: गडबड झालेली वर्षं आणि काहीच न झालेली वर्षं. दुसऱ्या यादीतलं एक वर्ष निवडा. त्या वर्षीच्या बैठकीला बसलेली माणसं अजून असतील, त्यांच्याकडे जा. वेळ कोणी बदलली, मार्गावरचं कोणतं वळण कोणी सोडलं आणि बदल्यात काय मागितलं, हे त्यांना विचारा. अहवालात हे सापडणार नाही, आणि ही माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.