क्योल्श : घरगुती निर्मितीसाठी घटक आणि यीस्टची निवड

क्योल्श : जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहराची फिकट सोनेरी, नितळ आणि हलकी बिअर. मद्यार्क साधारण ४.८ टक्के. दिसायला ती पिल्सनरची बहीण वाटते, पण जातीने एल आहे. ती एलच्या यीस्टने (सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी) आंबवतात आणि मग लागरप्रमाणे काही आठवडे थंडीत मुरवतात. पहिल्या टप्प्यातून सफरचंद, नासपती किंवा पांढऱ्या वाइनची आठवण देणारा पुसट गंध येतो, तर दुसऱ्यातून स्वच्छ, कोरडा शेवट.

घरी बिअर करणारे नवखे लोक क्योल्शला सोपी समजतात, कारण तिच्या घटकांची यादी चार नावांत संपते. प्रत्यक्षात ती अवघड आहे. गडद बिअरमध्ये भाजक्या माल्टच्या आड आणि आयपीएमध्ये हॉपच्या भपकाऱ्याखाली बरेच दोष लपतात. क्योल्शमध्ये तशी आडोशाची जागाच नाही. पाण्यातले क्लोरीन, दोन-चार अंशांनी चढलेले तापमान, अपुरे यीस्ट यांपैकी काहीही झाले तरी ते पहिल्या घोटात कळते.

पूर्वपीठिका : कोलोनच्या नगरसभेने सतराव्या शतकाच्या आरंभीच तळाशी आंबणाऱ्या, म्हणजे लागर जातीच्या, बिअरला मज्जाव केला होता आणि शहरातले बिअरवाले वरच्या आंबवणीलाच, म्हणजे एललाच, धरून राहिले. आजच्या क्योल्शच्या आधी तिथे ‘वीस’ नावाची गढूळ, न गाळलेली बिअर चाले. १८३० मध्ये स्थापन झालेल्या झ्युन्नर ब्रुअरीने १९०६ पासून फिकट, गाळलेली बिअर काढली आणि १९१८ मध्ये तिला क्योल्श हे नाव लावले, असे ती ब्रुअरी सांगते. पण क्योल्शचा खरा विस्तार दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९८६ मध्ये कोलोन परिसरातील २४ ब्रुअरींनी ‘क्योल्श करारा’वर सह्या केल्या. फिकट, पुरेपूर आंबलेली, हॉपची जाणीव देणारी, नितळ आणि वरच्या आंबवणीची बिअर, ही त्यातली व्याख्या. १९९७ मध्ये युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. म्हणून अमेरिकेतल्या अनेक ब्रुअरी आपल्या बाटलीवर ‘क्योल्श पद्धतीची’ असे लिहितात.

कोलोनमधल्या पानगृहांत ती ‘श्टांग’ नावाच्या ०.२ लिटरच्या सरळ, उभट पेल्यात देतात. ‘क्योबेस’ म्हणवणारा वाढपी पेला रिकामा दिसला की न विचारता भरलेला आणून ठेवतो आणि पेल्याखालच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असेल तर ती चकती पेल्यावर ठेवायची. पेला लहान असण्याला कारण आहे. क्योल्शचा फेस लवकर बसतो आणि कोमट झाल्यावर ती रुचत नाही.

माल्ट : नाचणीचे सत्त्व करताना धान्याला मोड आणून ते वाळवतात, तसेच सातूचे केले की माल्ट होते. फरक धान्याचा आणि वाळवण्याच्या तापमानाचा. क्योल्शसाठी सर्वांत फिकट वाळवलेले पिल्सनर माल्ट घ्यावे, शक्यतो जर्मन बनावटीचे. व्हायरमन आणि बेस्टमाल्झ ही नावे घरगुती बिअरच्या सामानाच्या दुकानांत सहज मिळतात. एकट्या पिल्सनर माल्टवरही उत्तम क्योल्श होते. ब्रेडच्या कवचासारखी किंचित खरपूस चव हवी असेल तर पाच टक्के व्हिएन्ना माल्ट घालावे. म्युनिक माल्ट त्याहून जपून, कारण त्याने रंग लवकर चढतो. कॅरॅमल माल्ट अजिबात नको. त्याचा गोडवा या बिअरच्या कोरडेपणाच्या मुळावर येतो.

गव्हाच्या माल्टबद्दल मतभेद आहेत. शैलीच्या मार्गदर्शिका थोड्या गव्हाला मुभा देतात, आणि जर्मन कायद्यातही वरच्या आंबवणीच्या बिअरला गहू चालतो. तरी कोलोनमधल्या बहुतेक ब्रुअरी निव्वळ सातूच वापरतात. गव्हातल्या प्रथिनांनी फेस टिकतो खरा, पण बिअर गढूळ राहते, आणि क्योल्शचे यीस्ट आधीच खाली बसायला नाखूश असते. पहिल्या खेपेस गहू वगळावा, हेच बरे.

वीस लिटर बिअरसाठी ३.८ किलो पिल्सनर आणि २०० ग्रॅम व्हिएन्ना पुरते. माल्टमधली तीन चतुर्थांश साखर उतरली, तर सुरुवातीचे विशिष्ट गुरुत्व १.०४६ च्या आसपास येते. ते आंबून १.००९ पर्यंत उतरले की मद्यार्क ४.८ ते ४.९ टक्क्यांवर जातो. इतके खाली उतरण्यासाठी भरडलेले माल्ट ६४ ते ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवावे. या तापमानाला स्टार्चपासून यीस्टला पचणारी साखर जास्त मिळते. ६८ अंशांवर न पचणारी साखर वाढते आणि बिअर जिभेला जड लागते.

पिल्सनर माल्टची एक खोड ध्यानात ठेवावी. त्यातल्या एका द्रव्यापासून उकळताना डायमेथिल सल्फाइड तयार होते, ज्याला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. ते वाफेबरोबर निघून जाते, म्हणून नव्वद मिनिटे झाकण न ठेवता उकळावे आणि नंतर द्रव शक्य तितक्या लवकर गार करावा.

हॉप : दक्षिण जर्मनीतले जुने, सौम्य वाण इथे शोभतात : हालरटाउर मिटेलफ्र्यू, टेटनांग, श्पाल्ट, हेर्सब्रुकर. त्यांतले कडवटपणा देणारे अल्फा आम्ल तीन ते पाच टक्क्यांच्या घरात, गंध फुलांचा, गवताचा, किंचित मसालेदार. कडवटपणाचे लक्ष्य १८ ते ३० आयबीयू (कडवटपणाचे एकक), मध्याजवळ २५. चार टक्के अल्फाचे मिटेलफ्र्यू असेल तर शेवटच्या तासाच्या आरंभी ४२ ग्रॅम आणि शेवटची पंधरा मिनिटे उरल्यावर २० ग्रॅम घातले की हिशेब जमतो. पाकिटावरचा अल्फाचा आकडा दर हंगामात बदलतो, तेव्हा वजन त्याप्रमाणे कमीजास्त करावे. कडवटपणासाठी मॅग्नमसारखा तीव्र, पण स्वच्छ चवीचा हॉप थोडा वापरला तरी हरकत नाही. भांड्यात पाला कमी साचतो, एवढा त्याचा फायदाही आहे. सिट्रा, कॅस्केड वगैरे अमेरिकी हॉप घालून होणारी बिअर चांगली असू शकेल, पण तिला क्योल्श म्हणू नये.

पाणी : नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर त्याचा माल्टमधल्या फेनॉलांशी संयोग होऊन दवाखान्यासारखा वास येतो. सक्रिय कोळशाच्या गाळणीने किंवा चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने ते घालवावे. फिकट माल्टमध्ये स्वतःची आम्लता कमी असते. त्यामुळे कठीण पाणी वापरले तर भिजवणीचा पीएच चढतो आणि सालींतला तुरटपणा बिअरमध्ये उतरतो. पीएच ५.२ ते ५.४ असावा. त्यासाठी लॅक्टिक आम्लाचे काही थेंब किंवा जर्मन शुद्धता-नियमाला धरून बनवलेले आम्लयुक्त माल्ट वापरतात. एकूण माल्टच्या एक टक्का इतके आम्लयुक्त माल्ट पीएच सुमारे ०.१ ने उतरवते. पाण्याचा भरवसा नसेल तर आरओचे पाणी घेऊन ३० लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालावे. जिप्सम मात्र हात राखून, कारण सल्फेटने कडवटपणा टोचू लागतो.

यीस्ट : माल्ट आणि हॉपमधली उणीव खपून जाते, पण यीस्ट चुकले तर बिअर क्योल्श राहत नाही, दुसरीच काही होते. चांगल्या क्योल्श यीस्टकडून तीन अपेक्षा असतात. एलच्या मानाने थंड हवेत त्याने काम करावे, साखर जवळजवळ संपवावी आणि लवंगेसारखा फेनॉली वास देऊ नये. या तिसऱ्या कारणामुळे बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरचे यीस्ट इथे बाद होते. नाव जर्मन, जात एलची, म्हणून ते उचलण्याची चूक होते आणि बिअरला केळे-लवंगेचा दर्प येतो.

द्रवरूप यीस्टांत वायईस्ट २५६५ आणि व्हाइट लॅब्जचे डब्ल्यूएलपी०२९ हे दोन वाण सर्वांत रुळलेले. २५६५ अगदी १३ अंशांपर्यंतही आंबवते. चव वाइनकडे झुकणारी, कोरडी. पण ते द्रवात तरंगत राहते, खाली बसायचे नाव घेत नाही. ब्रुअरीत गाळणयंत्र असते, घरी तेवढ्यासाठी आठवडे वाट पाहावी लागते. डब्ल्यूएलपी०२९ त्या मानाने लवकर निवळते. मात्र १७ अंशांखाली सुरुवात केली तर ते रेंगाळते, म्हणून आधी त्या तापमानाला आंबवण जोर धरू द्यावी. वायईस्ट १००७ हे जर्मन एलचे यीस्ट आणखी तटस्थ असते. फळांचा गंध नकोच असणाऱ्यांनी ते घ्यावे.

कोरड्या यीस्टांत फर्मेंटिसचे सॅफएल के-९७ आणि लालेमँडचे लालब्रू क्योल्न ही नावे पुढे येतात. के-९७ प्रचंड फेस करते. भांड्याचा चौथा हिस्सा रिकामा ठेवला नाही तर फेस नळीतून बाहेर येतो. यूएस-०५ हे अमेरिकी यीस्ट सर्वत्र मिळते आणि स्वच्छ बिअर देते, पण त्यात तो पुसट फळगंध नसतो. लागरचे यीस्ट वापरले तर क्योल्शऐवजी साधी लागर होईल. ती वाईट नसेल, पण मग ती सरळ लागर म्हणूनच करावी. निवड एकच करायची तर पहिल्या खेपेला डब्ल्यूएलपी०२९, आणि थंड जागा व धीर दोन्ही असतील तर २५६५.

प्रमाणाकडे लोक दुर्लक्ष करतात. वीस लिटरच्या या द्रवाला सुमारे १७० ते २२५ अब्ज जिवंत पेशी लागतात. द्रवरूप यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजेपणी सुमारे १०० अब्ज असतात आणि ठेवून दिल्यावर त्या घटत जातात. म्हणून एक तर दोन पाकिटे घ्यावीत, नाहीतर दोन दिवस आधी दीड-दोन लिटर पातळ माल्टच्या द्रावणात यीस्ट वाढवून घ्यावे. कोरड्या यीस्टला हा खटाटोप लागत नाही. ११.५ ग्रॅमचे एक पाकीट बहुधा पुरते आणि थंड आंबवणीला दोन घातलेली चांगली. द्रव गार झाल्यावर त्यात भरपूर हवा मिसळावी. वाढीच्या काळात यीस्टला ऑक्सिजन लागतो. एकदा आंबवण सुरू झाली की मात्र हवेचा स्पर्शही नको.

आंबवण आणि थंडीतील मुरवण : १५ ते १७ अंश हा सुरक्षित पट्टा. तापमान द्रवाचे मोजावे, खोलीचे नव्हे, कारण जोरात आंबणारा द्रव भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम असतो. २० अंशांच्या वर गेल्यास फळांचा वास पुसट राहत नाही. मुंबई-पुण्याच्या हवेसारख्या वातावरणात तापमान-नियंत्रक लावलेल्या फ्रिजशिवाय ही बिअर होणार नाही. सुरुवातीला गंधकाचा हलका वास येतो. त्याची काळजी नको, तो मुरवणीत जातो.

गुरुत्व अंतिम आकड्यापासून चार-पाच अंकांच्या अंतरावर आले की तापमान १८-१९ अंशांपर्यंत चढू द्यावे आणि तीन दिवस थांबावे. या काळात यीस्ट लोण्याच्या वासाचे डायॲसिटिल पुन्हा शोषून घेते. ते संपले का, हे तपासण्याची युक्ती सोपी आहे. झाकणबंद बाटलीत थोडी बिअर घालून ती ६० अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवायची, गार करून हुंगायची. लोण्याचा वास आला तर अजून थांबायचे. त्यानंतर बिअर शून्य ते चार अंशांवर तीन-चार आठवडे ठेवावी. जिलेटिनने ती लवकर निवळते. शाकाहारी मंडळींना ते चालणार नाही, त्यांनी मुदत वाढवावी.

बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम साखर घातली की वायूचे प्रमाण योग्य राहते. महिनाभर थंडीत राहूनही बाटलीतला वायू भरण्याइतके यीस्ट बिअरमध्ये उरलेले असते. तयार बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवाव्यात. क्योल्श जुनी झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

कायदा : अमेरिकेत १९७९ पासून घरगुती वापराची बिअर संघराज्य स्तरावर करमुक्त आहे. मर्यादा दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलन. जर्मनीतही स्वतःपुरती ठरावीक बिअर करमाफ असते. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते विकायचे असो वा घरी प्यायचे. तेव्हा वरील प्रमाणे परदेशस्थ मराठी वाचकांनी आपल्या राज्याचा नियम पाहून वापरावीत. इथल्या वाचकांनी परवानाधारक मायक्रोब्रुअरीत जावे.