झडपेनंतरची राखण

कृत्रिम झडपेचा इतिहास लिहिताना शल्यविशारदांची नावे अग्रभागी येतात, आणि ते न्याय्यही आहे. परंतु वणी जिल्हा म्हणून वऱ्हाडच्या मुलकी दप्तरात नोंदलेल्या आणि १९०५ पासून यवतमाळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखातून तो न्याहाळला, तर शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर करावयाच्या रक्ताच्या राखणीला अधिक महत्त्व द्यावे लागते.

बालपणी घसा सुजून येणारा संधिवाताचा ज्वर सांधे सोडतो, पण हृदयाची झडप धरून बसतो, आणि ऐन उमेदीत निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईला धाप लागू लागते. १९६० साली अमेरिकेत स्टार आणि एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या गोळ्याची झडप बसविली, तर डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली देशी झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात गेली. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते त्याच्या एकच वर्ष आधी, १९८९ साली.

धातूची झडप रक्ताला परकीच असते. तिच्यावर गाठ धरू नये म्हणून जी गोळी रोज घ्यावी लागते, तिचे मूळ मात्र गोठ्यात आहे. बुरसटलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन अमेरिकेतली गुरे रक्तस्रावाने मरत. १९३३ साली विस्कॉन्सिनच्या एका शेतकऱ्याने न गोठणारे रक्त दुधाच्या कॅनमधून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत नेले, आणि त्या शोधातून प्रथम उंदीर मारण्याचे व पुढे १९५४ पासून माणसाला तारण्याचे वॉरफरिन आले. गोळी कमी पडली तर झडप अडते, जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून, प्रसंगी मेंदूतही रक्तस्राव होतो. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचे मोजमाप, तपासून कधी अर्धी, कधी पाऊण गोळी ठरवितात, मेथी-पालक वर्ज्य न करता प्रमाण सारखे ठेवण्यास सांगतात, आणि अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ देत नाहीत. रात्रीच्या निवांत वेळी छातीतून ऐकू येणारी टिकटिक मंदावली आणि दम लागला, तर तो झडप अडल्याचा इशारा समजून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे; तेथे स्ट्रेप्टोकायनेजसारख्या औषधाने गाठ विरघळवितात किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करतात. दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते, कारण हिरडीतले जंतू झडपेवर ठाण मांडतात.

तरुण स्त्रीचा प्रश्न याहून बिकट आहे. गर्भारपणाच्या आरंभी हीच गोळी गर्भाच्या घडणीस बाधक ठरू शकते. प्राण्यांच्या ऊतींची झडप घेतली तर गोळीचा आजन्म जाच सहसा टळतो, पण ती काही वर्षांनी झिजते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. ही निवड तिच्याशी, तिच्या भाषेत आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी बोलली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.