लक्ष्मणराव माणसं कशी निवडायचे?

मागच्या भागानंतर उरण-पनवेल पट्ट्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. अनुभव नाही म्हणून कंपनी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून अनुभव नाही. मग सुरुवात करायची कुठून?

जासईत हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. हे दि. बा. पाटलांचं गाव. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जमिनीच्या आंदोलनात या पट्ट्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे 1989 ला बंदर सुरू झालं, कंटेनर यार्ड आले. शेती गेल्यावर हातात उरते ती नोकरी. म्हणून उमेदवार पारखायची एक जुनी गोष्ट आज सांगतो. त्यासाठी आपल्याला सांगली जिल्ह्यात जायचंय, किर्लोस्करवाडीला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. मध्ये गेले, तर कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. मग यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि आज ज्याला आपण व्हीजेटीआय म्हणतो तिथे शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि थेट बेळगाव गाठलं. भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. पहिला नांगर विकला जायलाच दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. साल 1910. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर कामाला कोण येणार? डिग्रीवाले तर नक्कीच नाहीत.

आता आले कोण ते बघा. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले. ते कारखान्याचे कल्पक इंजिनियर झाले. के. के. कुलकर्णी, अभ्यासात अपयशी. त्यांनी व्यवस्थापन सांभाळलं, बाहेरच्या जगाशी बोलायचं कामही त्यांचंच. मंगेशराव रेगे कारकून म्हणून लागले आणि हिशेबाचे प्रमुख झाले. शंभूराव जांभेकर यंत्रंही दुरुस्त करायचे आणि आजाऱ्याला औषधही द्यायचे. आजच्या भाषेत फुल स्टॅक!

आणि राखणीला? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही दरोड्यात शिक्षा भोगलेले. जेव्हा इंग्रज सरकार आख्ख्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवत होतं, तेव्हा लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण या दोघांच्या हाती दिली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचाच नियम.

पण एक गोष्ट मला खटकते, ती सांगतोच. फळणीकर, रेगे, जांभेकर यांच्या नावांना 'राव' लागतं. या दोघांच्या नावापुढे जात लागते. रामोशी तसेही पिढ्यान् पिढ्या गावाचे रखवालदार. म्हणजे विश्वास टाकला खरा, पण ड्रॉइंगच्या टेबलापर्यंत तो पोचला नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत काय चाललं होतं? 1911 मध्ये फ्रेडरिक टेलरचं पुस्तक आलं: प्रत्येक कामासाठी माणूस शास्त्रीय पद्धतीने निवडा, मग त्याला शिकवा. 1917 नंतर अमेरिकन लष्कराने बुद्धीची लेखी चाचणी सुरू केली आणि जवळपास 17 लाख जणांना तिच्यातून काढलं. आज मी कोडिंग टेस्टचे पेपर तपासतो किंवा तुम्ही ॲपवर ॲप्टिट्यूड टेस्ट देता, ते याच वंशातलं.

तुलना करताना लक्ष्मणरावांची पद्धत लगेच गोड वाटते. पण नीट बघा, ती चालली का? माणूस रोज डोळ्यांसमोर काम करत होता म्हणून. मुलाखत अर्ध्या तासाची नव्हती, काही वर्षांची होती. चुकला तर दुसरं काम द्यायची सोय होती. हजार अर्ज आले की एका माणसाची नजर पुरत नाही, आणि त्या नजरेपर्यंत पोचायलाही ओळख लागतेच. चाचणीत निदान तुमचं आडनाव कोणी विचारत नाही, असं म्हणायचं. पण ज्या कंपनीत नव्या मुलाला सहा महिने शिकवायला कोणी तयार नाही, तिथे पेपर कितीही चांगला काढा, अनुभववालाच निवडला जाणार. माझ्या मते आपल्याकडे अडलंय ते इथे.

आणि एक गंमत. शाळा सोडलेल्यांना इंजिनियर करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलाला मात्र थेट अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. शंतनुराव 1926 मध्ये मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी घेऊन आले आणि वाडीच्या कारखान्यात कामाला लागले.