मुंबई-गोवा महामार्ग: वेगमर्यादा, पाट्या आणि पट्टे कसे वाचायचे?

गणपतीला मुंबईहून निघालेली चाकरमान्यांची गाडी पोलादपूर सोडून कशेडी ओलांडते आणि रत्नागिरी जिल्ह्यात येते. पुढे खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर अशी जिल्ह्याची जवळपास पूर्ण लांबी मुंबई-गोवा महामार्गावरून, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून (जुना क्रमांक १७) कापावी लागते. चौपदरी झालेल्या भागात रस्ता रुंद आहे, मधे दुभाजक आहे. साहजिकच गाडीचा वेग वाढतो. पण हा रस्ता एक्स्प्रेसवे नाही, आणि तसा समजून गाडी चालवणे धोक्याचे आहे.

फरक काय?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे किंवा समृद्धी महामार्गावर ठरावीक ठिकाणीच आत येता-बाहेर जाता येते. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पादचारी यांना मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर प्रवेशच नाही. महामार्ग ६६ वर मात्र हे सगळे असतात. गावाचा रस्ता थेट महामार्गाला मिळतो, एसटीतून उतरलेली माणसे रस्ता ओलांडतात, गुरे आडवी येतात. म्हणून इथे वेग ठरवताना समोरच्या रिकाम्या रस्त्याबरोबरच बाजूची पाटीही पाहावी लागते.

वेगमर्यादा किती?

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादा (ताशी किलोमीटर) अशा:

• चालकाशिवाय ८ पर्यंत प्रवाशांची मोटार: एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, इतर रस्त्यांवर ७०
• ९ किंवा अधिक प्रवाशांचे वाहन: अनुक्रमे १००, ९० आणि ६०
• मालवाहू वाहन: ८०, ८० आणि ६०

याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकार आणि स्थानिक यंत्रणेला आहे. त्यामुळे चौपदरी रस्त्यावरही ‘४०’ची पाटी दिसली, तर तिथे मर्यादा ४०च. पुढची वेगळी मर्यादा किंवा निर्बंध संपल्याची पाटी (पांढऱ्या वर्तुळावर तिरकी काळी रेघ) येईपर्यंत ती लागू राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार वेगमर्यादा मोडल्यास हलक्या वाहनाला १ ते २ हजार रुपये, तर मध्यम आणि अवजड वाहनाला २ ते ४ हजार रुपये दंड आहे.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. समोर म्हैस दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी गाडी ४० मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगळे, आणि ते ६० च्या वेगाच्या तुलनेत जवळपास पावणेतीन पट असते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते.

पाटीचा आकार काय सांगतो?

लाल कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा: ओव्हरटेक नको, प्रवेश बंद, वेग इतकाच. निळे वर्तुळ म्हणजे सक्ती, उदाहरणार्थ डावीकडेच वळा. अष्टकोनी पाटीवर पूर्ण थांबायचे, आणि उलट्या त्रिकोणाजवळ दुसऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे.

टोक वर असलेला लाल कडेचा त्रिकोण सावध करतो. परशुराम घाटासारख्या भागात दरड, तीव्र उतार आणि वळणाचे त्रिकोण महत्त्वाचे. वळणावरचे ओळीने लावलेले बाण रात्री आणि धुक्यात रस्ता कुठे वळतो ते दाखवतात.

पिवळ्या पार्श्वभूमीवरची पाटी दिसली, तर पुढे रस्त्याचे काम आहे असे समजावे. अशा ठिकाणी रस्ता अचानक अरुंद होतो किंवा एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक सुरू होते. अडथळ्याजवळच्या काळ्या-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांची खालची टोके ज्या बाजूला असतील, त्या बाजूने वाहन न्यायचे असते.

हिरव्या पाट्या दिशा आणि अंतर सांगतात. रत्नागिरी शहर या महामार्गावर नाही, त्यासाठी हातखंब्याला वळावे लागते. पाटी वेळेत वाचली नाही आणि वळण चुकले, तर मागे येऊ नये. पुढच्या अधिकृत ठिकाणी वळून यावे. उलट दिशेने गाडी चालवणे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते.

पट्टे आणि घाटाचे नियम

तुटक पांढरी रेघ सुरक्षित असेल तेव्हा ओलांडता येते, अखंड रेघ ओलांडायची नाही. उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. ओव्हरटेक झाले की डावीकडे यायचे. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल आणि चौक इथे ओव्हरटेक करू नये.

घाटात रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्या वाहनाला वाट द्यायची. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वेग रोखते आणि ब्रेक तापत नाहीत. समोरून वाहन येत असेल तर दिवे लो बीमवर ठेवावेत.

गाडी बंद पडली तर?

शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ नुसार कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे अपघात दिसल्यास पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे कारण नाही.