डोंगरावरून घरी परतणारे तुकोबा

माउली, तुकोबारायांचे स्मरण आपण बीजेला करतो, देहूच्या वाटेवर करतो, रोजच्या भजनात करतो. त्या स्मरणात संत तुकाराम असतात, जगद्गुरू असतात. परंतु इंद्रायणीकाठच्या एका घरातला कर्ता मुलगा, दोन बायकांचा नवरा, लेकराबाळांचा बाप, धाकट्या भावाचा दादा आणि डोंगराची विलक्षण ओढ असलेला माणूस आपल्या ध्यानात कितीसा राहतो? आज त्या माणसाची आठवण करू या.

तुकोबांचा जन्म १६०८ मधला. देहूचे मोरे घराणे खाऊनपिऊन सुखी. घरात महाजनकी होती, शेती होती, वाण्याचा व्यापार होता, सावकारी होती आणि मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारीही होती. बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुलगे: सावजी, तुकाराम आणि कान्होबा. थोरल्या सावजींचे मन प्रपंचात नव्हते, म्हणून कोवळ्या वयातच दुकानाची गादी तुकोबांकडे आली. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून दुसरे लग्न पुण्याच्या गुळव्यांच्या जिजाईशी झाले. तिलाच आपण आवली म्हणतो.

पुढे आईवडील गेले. सावजींची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले, ते परत आलेच नाहीत. मग १६३० चा तो भयंकर दुष्काळ पडला. व्यापार बुडाला. घरात अन्न उरले नाही. रखमाबाई त्या दुष्काळात गेल्या, पाठोपाठ लहानगा संतोबाही गेला. तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगांत या दिवसांविषयी सांगितले आहे, पण अगदी थोडक्या शब्दांत. ज्याच्या घरातून दोन तिरड्या उठल्या, त्याला जास्त बोलवत नाही.

या दुःखानंतर तुकोबा डोंगराकडे वळले. भामचंद्र, भंडारा आणि घोराडेश्वर हे तिन्ही डोंगर देहूच्या परिसरातले. तिन्हींवर जुनी कोरीव लेणी आहेत. तुकोबांच्या आधी कित्येक शतके तिथे कुणी कुणी एकांतात बसून गेले होते. तुकोबा भामचंद्रावर जाऊन बसले, ते पंधरा दिवस खाली आले नाहीत. कान्होबा रानोमाळ शोधत फिरले आणि शेवटी त्यांना दादा सापडले.

माउली, इथे क्षणभर थांबा. एक भाऊ असाच घर सोडून गेला होता. दुसराही गेला असता तर त्या घराचे काय झाले असते? तुकोबा कान्होबांबरोबर खाली उतरले. इंद्रायणीच्या काठी त्यांनी सावकारीची खतपत्रे मागवली आणि त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि आपला वाटा डोहात सोडला. ज्या कुळांना दुष्काळाने आधीच नागवले होते, त्यांच्या डोक्यावरचे कर्ज गेले. ही कथा सांगताना आपण बुडवलेल्या कागदांवर थांबतो. मला मात्र राखून ठेवलेला अर्धा वाटा मोठा वाटतो. वैराग्य स्वतःच्या वाट्याचे करता येते. भावाच्या घासाचे वैराग्य आपण परस्पर करू नये, एवढी जाण त्या क्षणीही तुकोबांना होती.

त्यानंतर डोंगर सुटला नाही आणि घरही सुटले नाही. पडलेले विठ्ठलमंदिर त्यांनी नीट केले. एकादशीला कीर्तन करू लागले. दिवसा भंडाऱ्यावर जात आणि परत देहूला येत. भंडारा देहूपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. कधी गेलात तर वर उभे राहून खाली पाहा. इंद्रायणीचे खोरे समोर पसरलेले असते. तुकोबांचा एकांत हा असा आपल्याच गावाच्या पंचक्रोशीतला होता.

त्या एकांतात त्यांना काय मिळाले, ते त्यांच्या अभंगातून आपण रोज गातो. झाडे, वेली आणि रानातले जीव यांना त्यांनी सोयरे म्हटले. सोयरा हा शब्द घरातला आहे, लग्नाच्या मांडवातला आहे. ज्याने माणसे गमावली होती, त्याने रानात जाऊनही नातीच जोडली.

आणि ते रानात बसत तेव्हा घर कोण सांभाळत होते? जिजाई. कीर्तनांत तिचे चित्र फार कठोर रंगवले जाते. महिपतींनी भक्तलीलामृतात तुकोबांचे चरित्र सविस्तर सांगितले आहे. त्यात शेताच्या राखणीची कथा येते. दाण्याच्या मोबदल्यात तुकोबांना राखणीला बसवले, आणि त्यांनी पाखरांना हुसकावले नाही. आपण ऐकतो आणि डोलतो. पण रिकाम्या मडक्यात हात घालून लेकरांसाठी पीठ शोधणाऱ्या बाईने ही गोष्ट कशी ऐकली असेल? ती बोलत असे, चिडत असे, विठोबालाही सोडत नसे. तरी धनी जेवल्याशिवाय घास घेत नसे. भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन भर उन्हात ती डोंगर चढत असे. तिच्या पायात काटा मोडला आणि पांडुरंगाने तो काढला, ही कथा आपल्या परंपरेने प्रेमाने जपली आहे. देव त्या दिवशी ध्यानस्थ तुकोबांकडे गेला नाही, भाकरी घेऊन चढणाऱ्या जिजाईपाशी गेला. परंपरेला काय सांगायचे होते, हे आणखी वेगळे समजावून सांगायला नको.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० मध्ये, तुकोबांचे वैकुंठगमन झाले. वय अवघे बेचाळीस. काशी, भागीरथी, गंगा या लेकी, महादेव आणि विठोबा हे मुलगे मागे राहिले. नारायणबाबा तेव्हा जिजाईच्या पोटात होते. गाथ्यात कान्होबांचे अभंग आहेत, ते या प्रसंगी वाचा. सारे जग वैकुंठाचा सोहळा गाते, पण कान्होबा रडतात, देवाशी भांडतात, भाऊ परत मागतात. भामचंद्रावर दादा सापडले होते, या वेळी सापडले नाहीत. तुकोबा घरच्यांना किती हवे होते, याची याहून मोठी साक्ष कोणती?

आणि ज्या लेकराने बापाचे तोंडही पाहिले नाही, त्या नारायणबाबांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून वारीला सोहळ्याचे रूप दिले. आज आपण जिच्यामागे चालतो, ती पालखी एका मुलाने काढलेली बापाची आठवण आहे.

माउली, आषाढात आपण घर सोडतो. कुणाच्या घरी म्हातारी आई असते, कुणाची पेरणी अर्धी राहिलेली असते. चालताना मन मागे ओढते आणि आपण त्याला मोह म्हणून दटावतो. दटावू नका. तुकोबा डोंगर चढले तसे उतरलेही. पंढरीला पोहोचून काला झाला की पालखीही परतीची वाट धरते, तशी आपणही धरावी. आणि घरी पोहोचल्यावर, आपण नसताना ज्यांनी चूल पेटती ठेवली, गुरांना पाणी पाजले, त्यांच्या पाया पडावे. त्यांचीही वारी झालेली असते.

रामकृष्ण हरी.